संख्याशास्त्राचे उपासक : प्रशांतचंद्र महालनोबिस

शेतात धान्य किती पिकले, बाजारात कापड किती खपले, देशातील लोकांना पोटभर अन्न मिळते की नाही, या प्रश्नांची उत्तरे केवळ तर्काने देता येत नाहीत. त्यासाठी मोजावे लागते, मोजलेले नीट मांडावे लागते आणि मांडलेल्यावर विचार करावा लागतो. हे काम शिकवणारे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. आज अर्थशास्त्राचा किंवा वाणिज्याचा विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल ठेवतो, तेव्हा या शास्त्राची मुळाक्षरे त्याला गिरवावीच लागतात. भारतात या अध्ययनाचा पाया घालणारे थोर पुरुष म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस होत.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्ता येथे एका सुविद्य ब्राह्मो कुटुंबात झाला. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. लंडन येथे शिकावे, असा त्यांचा मानस होता. परंतु केंब्रिज पाहावयास गेले असता त्यांची परतीची गाडी चुकली. एका मित्राकडे मुक्काम करावा लागला. तेथील किंग्ज कॉलेजच्या भव्य प्रार्थनामंदिराने त्यांचे मन इतके वेधले, की त्यांनी त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. केंब्रिजमध्ये थोर गणिती रामानुजन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजनांना पलंगावरील ब्लँकेटांच्या आत शिरून कसे निजावे, हे प्रशांतचंद्रांनीच दाखवून दिले.

१९१५ साली शिक्षण पूर्ण झाले. पण महायुद्धामुळे स्वदेशी जाणारी बोट लांबली. त्या मोकळ्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात मॅकॉले नावाच्या अध्यापकांनी त्यांचे लक्ष 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्रविषयक नियतकालिकाकडे वेधले. ते चाळताच प्रशांतचंद्रांना एक नवे दालन उघडल्यासारखे वाटले. त्यांनी त्या नियतकालिकाचे सारे खंड विकत घेतले आणि बोटीवर ते वाचीतच ते मायदेशी परतले. त्या काळी भारतातील कोणत्याही विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग नव्हता. ना गुरू, ना वर्ग, ना परीक्षा. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता प्रशांतचंद्र स्वतःच संख्याशास्त्राचे विद्यार्थी झाले.

१९२० साली नागपूर येथे भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे त्यांची गाठ नेल्सन अ‍ॅनन्डेल या प्राणिशास्त्रज्ञाशी पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे अ‍ॅनन्डेल यांनी घेतली होती. त्यांचा अर्थ लावण्याचे काम त्यांनी प्रशांतचंद्रांवर सोपवले. याच वाटेने पुढे जाऊन दोन समूहांतील साम्य आणि भेद मोजण्याची जी रीत त्यांनी शोधली, ती आज जगभर महालनोबिस अंतर या नावाने ओळखली जाते.

तथापि या शास्त्राचा खरा कस लागला तो पुराच्या पाण्यात. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला. पाणी थोपवून धरण्यासाठी अतिशय खर्चाचे मोठाले साठे बांधावे, असा विचार पुढे आला होता. प्रशांतचंद्रांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी तपासल्या. त्यांवरून त्यांनी दाखवून दिले, की अशा साठ्यांनी तेथे काही साधणार नाही. पाण्याचा झटपट निचरा होईल, अशी व्यवस्था हवी. पुढे १९२६ साली ओरिसातील ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र गाळाने उंचावले आहे, तेव्हा बांध वाढवावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. जुन्या नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. पात्र उंचावले नव्हते. नदीच्या वरच्या भागात पाऊस अतोनात झाला होता. तेव्हा पाणी वरच अडवणे हा खरा उपाय होता. जाणत्यांचा अंदाजही नोंदींवर पारखून घ्यावा लागतो, हा धडा या दोन पुरांनी दिला.

१९३१ च्या डिसेंबरात प्रशांतचंद्रांनी कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना केली. तिचा आरंभ प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेतच झाला. पहिल्या वर्षाचा सारा खर्च २५० रुपयांच्या आतच होता. १९३३ साली त्यांनी 'सांख्य' हे नियतकालिक सुरू केले. १९४१ साली कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जे शिक्षण स्वतःला एकट्याने, पुस्तकांच्या सोबतीने घ्यावे लागले, ते पुढच्या पिढीस वर्गात बसून मिळू लागले.

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. भांड्यातला भात सारखा शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरते. परंतु देशातील शेते आणि माणसे अशी सारखी नसतात. कोठे पाणथळ, तर कोठे माळरान. कोणी श्रीमंत, तर कोणी अर्धपोटी. मग शीत निवडावे कसे? १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करताना प्रशांतचंद्रांनी याचे उत्तर दिले. नकाशावरील जमिनीचे तुकडे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने निवडायचे. जो तुकडा येईल, तेथेच जायचे; मग वाटेत चिखल असो वा ओढा. सोयीचे शेत निवडण्याची मुभा कोणासही नसे. शिवाय एकाच प्रदेशाची पाहणी दोन वेगवेगळ्या तुकड्या स्वतंत्रपणे करीत. दोहोंचे आकडे जुळले नाहीत, की चूक तत्काळ उघडी पडे. अशा नमुना पाहणीमुळे एकूण एक शेत मोजण्याच्या मानाने फारच थोड्या खर्चात विश्वसनीय अंदाज हाती येऊ लागला.

हे केवळ तागापुरते नव्हते. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. जी वाचली, त्यांतील कितीजणांची जमीन गेली, कितीजणांचे बैल गेले, याची पाहणी प्रशांतचंद्रांच्या संस्थेने केली. त्या आकड्यांच्या प्रत्येक ओळीमागे एक उद्ध्वस्त घर उभे होते.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे उत्पन्न किती, याचाही नेमका हिशेब नव्हता. त्यासाठी १९४९ साली नेमलेल्या समितीचे प्रशांतचंद्र अध्यक्ष झाले; पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीस आरंभ झाला आणि तिचे पाहणीदार खेडोपाडी जाऊन कुटुंबांचा खर्च विचारू लागले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा प्रशांतचंद्रांनीच आखला. अवजड उद्योगांवर त्यात भर होता. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ वकील आणि ब्रह्मानंद यांना हे मान्य नव्हते. अन्न, वस्त्र यांसारख्या नित्याच्या गरजांना अग्रक्रम द्यावा, असे त्यांचे मत होते. हा वाद पुष्कळ काळ चालला. आकडे खरे असले, तरी त्यांतून कोणती वाट धरावी, याविषयी विद्वानांतही मतभेद असू शकतो.

१९५९ साली संसदेने कायदा करून संस्थेस राष्ट्रीय महत्त्व दिले आणि तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १९६८ साली भारत सरकारने प्रशांतचंद्रांना पद्मविभूषण देऊन गौरवले. २८ जून १९७२ रोजी, वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास अवघा एक दिवस उरला असता, त्यांचे देहावसान झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

आकडे मुके असतात. ते सचोटीने गोळा केले आणि धीराने तपासले, तरच ते खरे बोलतात. आपल्या सोयीचे तेवढेच मोजणाऱ्यास ते फसवतात. गैरसोयीच्या शेतापर्यंतही चिखल तुडवीत जावे, ही प्रशांतचंद्रांची शिस्त संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अंगी बाणवावी अशीच आहे.