हिशेबी धाडसाचा वैमानिक : जेआरडी टाटा

प्रतिनिधी, धुळे : गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने धुळेकरांच्या परिचयाची आहेत. येथे प्रशिक्षण सुरू करणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे एक जुने विद्यार्थी म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मात्र त्यांच्या धाडसामागील काटेकोर हिशेब फारसा सांगितला जात नाही.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो येथे विमानविद्येतील अग्रणी लुई ब्लेरिओ हे त्यांचे शेजारी होते. तेथेच विमानाचे वेड जडले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला.

१९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करण्याची स्पर्धा झाली. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे १७ वर्षांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले त्यांना भेटले. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अस्पी विजयी झाले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुखही बनले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईकडे उड्डाण केले. पस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान होते. सोबत ना रेडिओ होता, ना दिशादर्शक यंत्रणा. वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे टाकीत रिते झाले आणि दुपारी विमान जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमान वाहतुकीचा पाया घालणाऱ्या या प्रवासात बैलगाडीचे महत्त्व विमानाइतकेच होते. कारण इंधन कोठे मिळणार, हे आधी ठरल्याशिवाय उड्डाणच शक्य नव्हते.

या नियोजनाचे मर्म साधे आहे. समजा, ६०० किलोमीटरचे अंतर ताशी १५० किलोमीटर वेगाने कापायचे, तर चार तास लागतात. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर पाच. इंजिन मात्र दर तासाला तेवढेच इंधन पिते. म्हणूनच छोट्या विमानाने दिवसा किमान ३० मिनिटांचे आणि रात्री ४५ मिनिटांचे राखीव इंधन बाळगावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. इंधनात पाणी अथवा कचरा राहू नये, यासाठी त्या काळी ते मऊ कातड्यातून गाळून भरत. आज उड्डाणापूर्वी टाकीतील नमुना काढून तपासतात.

याच छोट्या टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही १९७८ पर्यंत तिचे अध्यक्षपद जेआरडींकडे होते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

खानदेशात आता धुळ्याप्रमाणेच शिरपूर व जळगाव येथेही वैमानिक प्रशिक्षणाची सोय झाली आहे. २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला होता; त्यामुळे सुरक्षित उड्डाणाचा विषय येथे केवळ पुस्तकी उरलेला नाही. गोंदूरहून झेपावणाऱ्या तरुणांनी जेआरडींचे धाडस जरूर घ्यावे. पण त्याआधी त्यांचा हिशेब घ्यावा.