फ्रीडरिख डीत्स (१७९४–१८७६)

रोमान्स भाषाविज्ञानाचा पाया घालणारे फ्रीडरिख डीत्स यांचा जन्म १५ मार्च १७९४ रोजी जर्मनीतील गीसेन येथे झाला. १८१८ मध्ये ते कवी गटे यांना भेटले. गटे यांनी त्यांना फ्रेंच अभ्यासक रेनुआर यांच्या प्रोव्हान्साल भाषेवरील संशोधनाचा परिचय करून दिला आणि डीत्स यांच्या अध्ययनाला दिशा मिळाली. पुढे त्यांनी बॉन विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले.

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांची जननी प्रोव्हान्साल होय, असे रेनुआर मानीत. हे मत डीत्स यांनी स्वीकारले नाही. १८३६ ते १८४४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक व्याकरणात त्यांनी या भाषांचा उगम बोलीतील लॅटिनमध्ये दाखवला.

भविष्यकाळाचे उदाहरण पाहा. लॅटिनमध्ये ‘कांताबित’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कांतावित’ म्हणजे ‘तो गायला’. स्वरमध्यस्थ ‘ब’ आणि ‘व’ बोलीत एकरूप होताच हा अर्थभेद पुसट झाला. त्याच वेळी ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’, ही रचना भविष्यार्थी होऊ लागली. त्यातील ‘हाबेओ’ हे क्रियापद झिजून प्रत्यय बनले. त्यातूनच ‘मी गाईन’ या अर्थाची इटालियन ‘कांतेरो’ आणि फ्रेंच ‘शांत्रे’ ही रूपे सिद्ध झाली.

१८५३ मध्ये डीत्स यांचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाला. २९ मे १८७६ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले. लोकांच्या तोंडी घडणारा बदल म्हणजे भाषेचा भ्रंश नव्हे, त्यालाही नियम असतात, ही दृष्टी त्यांच्या कार्यातून दृढ झाली. प्राकृतातून मराठीपर्यंतचा प्रवास अभ्यासतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते.