एटीपीचे ‘सुट्टे’ शोधणारे सुब्बाराव

बारावीला बायोलॉजी होतं? मग क्रेब्ज सायकल घोकली असणारच. पण सुब्बाराव हे नाव कधी कानावर आलं? मला तर डिग्री हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींचं ऐकून पठ्ठ्याने ऑपरेशनच्या वेळी खादीचा गाऊन घातला. इंग्रज प्राध्यापकांचं बिनसलं आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी मिळाली. त्यातच स्प्रू या आतड्यांच्या आजाराने भाऊ गेला. पुढे बोस्टन गाठलं, तर तिथे पोटासाठी हॉस्पिटलात पोर्टरची कामं!

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातला, लघवीतला फॉस्फरस मोजायची सोपी पद्धत बसवली, १९२५ मध्ये. ऐकायला बोअर वाटतं ना? पण खरी गंमत तिथूनच सुरू झाली. तोपर्यंत समज असा, की साखरेचं लॅक्टिक अ‍ॅसिड होतं आणि त्यावरच स्नायू आकुंचन पावतात. त्या कामाला नोबेलही मिळालेलं. या दोघांना मात्र स्नायूत १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि १९२९ मध्ये एटीपी.

असं बघा, ग्लुकोज म्हणजे घरातलं सोनं. ते घेऊन वडापाव आणायला जाल का? सुट्टेच लागतात. पेशी ग्लुकोज टप्प्याटप्प्याने मोडते आणि एटीपीचे सुट्टे करून घेते. ऑक्सिजन असेल तर एका रेणूमागे साधारण ३०, नसेल तर फक्त २. सुटलेली बस पकडायला तुम्ही धावता, तेव्हा स्नायूतला एटीपी काही सेकंदांतच संपतो. लगेच फॉस्फोक्रिएटिन तो पुन्हा भरून देतं.

त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही एटीपी सापडला. पुस्तकांत बहुधा त्यांचंच नाव येतं. हार्वर्डनेही सुब्बारावांना कायम नोकरी दिली नाही. हे मला अजून पचत नाही.

१९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं. स्प्रूवर तेच उपयोगी पडलं. हत्तीरोगावरचं हेट्राझान आणि ल्युकेमियावरचं मेथोट्रेक्सेट हेही तिथलंच. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३व्या वर्षी झोपेतच त्यांचं निधन झालं. भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, ते १९९५ मध्ये.