झाडूचा दांडा आणि सायकल

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमीच येतात. मी यंदा एका सायकलवाल्या बाईची हकीगत लिहीत आहे. ती राणी नव्हती की विदुषी नव्हती. पण तिची माहिती वाचली तेव्हापासून ती आपणां सर्वांना सांगावी असे मनात होते.

तिचे नाव अल्फोन्सिना. इटलीत मोदेना शहराजवळच्या खेड्यात १८९१ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी एक जुनी सायकल घरी आणली आणि पोरीला तिचे वेडच लागले. चर्चमध्ये प्रार्थनेला जाते असे आईला सांगून ती शर्यतीला जाई! मुलीने सायकलवर बसावे हे गावाला मानवेना. लोक नावे ठेवीत.

१९१५ साली लुइजी स्त्रादा यांच्याशी तिचे लग्न झाले. त्यांनी लग्नाची भेट म्हणून तिला शर्यतीची सायकल दिली. इटालियन भाषेत स्त्रादा म्हणजे रस्ता. आडनावही शोभेसेच मिळाले. १९१७ व १९१८ साली लोम्बार्दी प्रांताच्या शर्यतीत ती पुरुषांबरोबर उतरली व दोन्ही वेळा तिने शर्यत पुरी केली.

पुढे पतीचे मन बिघडले. त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. आता मिळवायचे तिनेच. १९२४ साली साऱ्या इटलीची मोठी शर्यत होती. पैशाच्या वादामुळे नामांकित गडी आले नाहीत, तेव्हा हिला प्रवेश मिळाला. पण यादीत नाव छापले ते ‘अल्फोन्सिन’, म्हणजे बाई आहे हे चटकन कळू नये!

मिलानहून ९० जण निघाले. बारा टप्पे मिळून ३,६१३ किलोमीटर. रस्ते कच्चे, सायकलींना गिअर नाहीत. पेरुजाच्या वाटेवर वादळवाऱ्यात हिच्या सायकलचे हँडल मोडले. तेव्हा झाडूचा दांडा तोडून हँडलच्या जागी बसवला आणि ती पुढे निघाली. पोहोचली, पण ठरलेली वेळ टळून गेली होती. नियमाप्रमाणे ती बाद झाली. चालकांनी तिला पुढे येऊ दिले, मात्र तिची गणती होणार नव्हती.

तरी ती थांबली नाही. मिलानपर्यंत पोहोचली. ९० पैकी जेमतेम तीस जणांनी शर्यत पुरी केली; बाकीचे पुरुष वाटेतच थांबले होते. त्यानंतर मात्र त्या शर्यतीत तिला पुन्हा घेतले नाही. बायकांची वेगळी शर्यत निघाली ती थेट १९८८ साली!

तिने सायकल सोडली नाही. १९३८ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तासाभरात पस्तीस किलोमीटरहून अधिक अंतर तोडून तिने विक्रम केला. उतारवयात मिलानला सायकलचे दुकान चालवले. १९५९ साली ती वारली.

गणती होणार नाही हे ठाऊक असूनही तिने काम अर्धवट टाकले नाही. भगिनींनो, घरातले आपले कितीतरी काम असेच असते, नाही का? म्हणून ही बाई मला परकी वाटत नाही.