योहानेस केप्लर : तीन सम्राटांकडे थकलेले वेतन

ग्रहांच्या गतीचे तीन नियम मांडणारे जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांचे नाव शालेय विज्ञानाच्या पुस्तकांमुळे आपल्याकडे सर्वपरिचित आहे. मात्र या थोर गणितज्ञाच्या आयुष्याची उत्तरार्धातील वीस वर्षे आपल्याच मालकाकडून पगाराची थकबाकी मिळवण्याच्या खटपटीत खर्ची पडली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हा मालक साधासुधा नव्हता. पवित्र रोमन साम्राज्याचे एकामागून एक तीन सम्राट केप्लर यांचे धनी झाले आणि तिघांनीही त्यांना देण्यापेक्षा त्यांचे देणेच अधिक वाढवले.

केप्लर यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीच्या नैऋत्येकडील वाइल डेर श्टाट या छोट्या नगरात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते घरी कमी आणि मोहिमांवर अधिक असत आणि पुढे एकदा जे गेले ते परतलेच नाहीत. लहानपणी आलेल्या देवीच्या आजाराने योहानेस यांची दृष्टी अधू केली. पुढे आयुष्यभर आकाशाचा हिशोब मांडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी तारे नीट दिसत नसत. शिष्यवृत्तीच्या बळावर ते ट्यूबिंगेन विद्यापीठात शिकले. धर्मोपदेशक व्हावे असा त्यांचा मानस होता, पण १५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील प्रॉटेस्टंट शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्यांना तिकडे पाठवण्यात आले. वार्षिक वेतन १५० गुल्डन होते. दरवर्षी पंचांग तयार करून त्यात भविष्य वर्तवणे हेही कामाचा भाग होते. पहिल्याच पंचांगात त्यांनी कडाक्याची थंडी आणि तुर्कांचा हल्ला ही दोन भाकिते केली. दोन्ही खरी ठरल्याने गावात त्यांचे वजन वाढले.

१६०० मध्ये ग्राट्समधील प्रॉटेस्टंटांना धर्म बदला किंवा प्रदेश सोडा असा आदेश निघाला. केप्लर यांनी प्रदेश सोडला. त्याच वर्षाच्या आरंभी प्रागजवळच्या बेनाटकी येथील वाड्यात ते टायको ब्राहे यांना भेटून आले होते. दुर्बिणीच्या पूर्वीच्या काळातील सर्वांत अचूक निरीक्षणे ब्राहे यांच्या संग्रही होती आणि ती केप्लर यांना हवी होती. या पहिल्या भेटीत आपल्या नोकरीच्या अटी केप्लर यांनी कागदावर कलमवार मांडल्या होत्या. त्यावरून दोघांत कडाक्याचे भांडण झाले आणि नंतर समेटही झाला. पैशाच्या बाबतीत केप्लर भोळे होते अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. आपल्या कामाचे मोल त्यांना पहिल्यापासून कळत होते.

२४ ऑक्टोबर १६०१ रोजी ब्राहे यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच सम्राट रुडॉल्फ दुसरा याने केप्लर यांना राजगणिती नेमले. ब्राहे यांना वर्षाला ३००० गुल्डन मंजूर होते, केप्लर यांचे वेतन ५०० ठरले. ग्राट्सच्या शाळामास्तरकीच्या मानाने हे तिपटीहून अधिक होते. पण ते कागदावर. पैसे प्रत्यक्ष हातात येण्यासाठी दरबारी खजिन्याकडे खेटे घालावे लागत. तुर्कांशी चाललेले दीर्घ युद्ध तिजोरी रिकामी करत होते आणि सम्राटाचे मन चित्रे, दुर्मीळ वस्तू व किमयागार यांत रमलेले होते. हुकूम निघत, त्यावर सही-शिक्का होई आणि खजिनदार रक्कम नसल्याचे सांगत. केप्लर यांची पत्नी बार्बरा सधन गिरणीमालकाची मुलगी होती. प्रागमधील ओढगस्तीचा संसार तिला मानवला नाही.

तरीही प्रागची ही वर्षे केप्लर यांच्या कर्तृत्वाचा कळस होती. मंगळाच्या कक्षेचे गणित सोडवताना ग्रह वर्तुळात नव्हे तर लंबवर्तुळात फिरतात हे त्यांनी सिद्ध केले आणि १६०९ मध्ये ‘अस्ट्रॉनॉमिया नोव्हा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या प्रती सम्राटाच्या मालकीच्या होत्या आणि त्याच्या संमतीवाचून त्या कोणाला देऊ नयेत, अशी ताकीद होती. वेतन थकलेले असताना केप्लर यांनी संपूर्ण आवृत्ती मुद्रकाला विकून टाकली. थकलेल्या पगारापोटी मालकाचा माल विकण्याचा हा प्रकार होता. आज्ञाधारक म्हणून प्रसिद्ध असलेल्या गृहस्थाने हे पाऊल उचलले, यावरून घरची स्थिती कळावी.

१६११ हे वर्ष केप्लर यांच्यासाठी भीषण ठरले. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, पत्नी बार्बरा आजारपणात दगावली आणि रुडॉल्फला बोहेमियाची गादी सोडावी लागली. पुढच्या जानेवारीत तोही मरण पावला. नवा सम्राट माथियास याने केप्लर यांचे पद कायम केले आणि त्यांना लिंट्स शहरी जाण्यास परवानगी दिली. तेथील प्रांतिक सभेने त्यांना ४०० गुल्डनवर गणिती म्हणून ठेवले. दरबारी पगाराची मागील बाकी मात्र तशीच नव्या सम्राटाच्या खाती ओढली गेली.

लिंट्समध्ये १६१३ मध्ये त्यांनी सुझाना हिच्याशी दुसरा विवाह केला. संसारासाठी मद्याची पिंपे घेताना विक्रेता पिंपात तिरपी काठी घालून आतील मद्य मोजतो, हे पाहून त्यांनी पिंपांच्या घनफळावर एक ग्रंथच लिहिला. ही मौज येथे सोडून द्यावी लागेल. पुढची काही वर्षे त्यांच्या वृद्ध आईवर चेटूक केल्याचा आरोप ठेवून खटला चालला. केप्लर यांनी स्वतः बचावाची सूत्रे हाती घेतली आणि चौदा महिन्यांच्या बंदिवासानंतर १६२१ मध्ये तिला सोडवून आणले. याच धामधुमीत १५ मे १६१८ रोजी ग्रहांचा परिभ्रमणकाळ आणि सूर्यापासूनचे अंतर यांचे नाते सांगणारा तिसरा नियम त्यांच्या हाती लागला. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खाली फेकण्यात आले आणि तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. या युद्धात केप्लर यांच्या पैशाची आशा आणखी मावळली.

ब्राहे यांच्या निरीक्षणांवरून ग्रहस्थितीची कोष्टके तयार करणे हे केप्लर यांचे मूळ दरबारी काम होते. रुडॉल्फच्या नावाने ओळखली जाणारी ही कोष्टके १६२४ मध्ये सिद्ध झाली. छपाईला पैसा हवा म्हणून केप्लर व्हिएन्नाला गेले. तिसरा सम्राट फर्डिनंड दुसरा याच्या खजिन्यात त्यांच्या नावे तेव्हा ६२९९ गुल्डनांची बाकी निघाली. रक्कम कोणी नाकारली नाही. मात्र ती रोख न देता तीन शहरांवर लावून देण्यात आली : न्युरेंबर्गवर ४०००, मेमिंगेनवर १२९९ आणि केम्प्टेनवर १०००. मराठेशाहीच्या दप्तरांत अशा हुकमाला वरात म्हणत. सरकारी देणे अमुक गावच्या महसुलातून परस्पर वसूल करून घ्यावे, असा तो कागद असे. ज्याच्या हाती वरात पडे त्याला ती वसूल करण्यासाठी स्वखर्चाने हिंडावे लागे, ही गोष्ट आपल्याकडे खरी होती तशी तेथेही.

पंचावन्नाच्या घरात आलेले केप्लर १६२५ मध्ये या शहरांचे उंबरठे झिजवत फिरले. मेमिंगेन आणि केम्प्टेन या दोन लहान शहरांनी मिळून सुमारे २००० गुल्डन दिले. त्यातून छपाईचा कागद खरेदी झाला. सर्वांत मोठी रक्कम ज्या न्युरेंबर्गकडून यायची होती, त्याने हात वर केले. युद्धाच्या खर्चाखाली शहर दबलेले होते आणि सम्राटाच्या सैन्याचा भार उचलणाऱ्यांना सम्राटाच्या गणितज्ञाचा पगार देण्यात रस नव्हता.

छपाई ऑस्ट्रियातच व्हावी, असा दरबाराचा आग्रह होता. केप्लर यांनी लिंट्सला मुद्रक आणि खिळे जमवले. १६२६ च्या उन्हाळ्यात बंडखोर शेतकऱ्यांनी शहराला वेढा घातला आणि लागलेल्या आगीत छापखाना भस्मसात झाला. सुदैवाने हस्तलिखित वाचले. ते घेऊन केप्लर उल्म येथे गेले आणि सप्टेंबर १६२७ मध्ये कोष्टकांच्या एक हजार प्रती छापून पूर्ण झाल्या. छपाईचा भार त्यांनी बव्हंशी स्वतःच सोसला होता.

या ग्रंथाचे मुखचित्र केप्लर यांच्याच कल्पनेतून साकारले. त्यात खगोलशास्त्राचे एक मंदिर असून त्याच्या खांबांपाशी थोर ज्योतिर्विद उभे आहेत. कळसावर साम्राज्याचा गरुड पंख पसरून चोचीतून नाणी टाकत आहे. खाली जोत्याच्या एका चौकटीत स्वतः केप्लर मेणबत्तीच्या उजेडात आकडेमोड करत बसलेले दिसतात आणि त्यांच्या मेजावर त्या वर्षावातील मोजकीच नाणी पोहोचलेली आहेत. सम्राटाला अर्पण केलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच चित्रात थकबाकीची अशी नोंद करण्याचे धाडस जगाच्या इतिहासात फार थोड्या नोकरांनी दाखवले असेल.

१६२८ च्या आरंभी प्रागमध्ये केप्लर यांनी ग्रंथ सम्राटाला सादर केला. दरबारात सन्मान झाला, ४००० गुल्डनांचे पारितोषिकही जाहीर झाले. पण कॅथलिक व्हावे, असे सुचवण्यात आले. केप्लर यांनी ते मानले नाही. अखेर दरबाराने एक नवीच युक्ती काढली. एव्हाना ११,८१७ गुल्डनांवर गेलेले सारे देणे साम्राज्याचा सेनापती आल्ब्रेख्ट फॉन वालेनश्टाइन याच्या अंगावर लोटण्यात आले. सम्राट स्वतःच वालेनश्टाइनचा मोठा ऋणको होता, तेव्हा हे म्हणजे एका कर्जाने दुसरे कर्ज झाकण्यासारखे होते. वालेनश्टाइनने वर्षाला १००० गुल्डन आणि छापखाना देऊ केला आणि केप्लर सायलेशियातील सागान या त्याच्या गावी राहायला गेले.

वालेनश्टाइनला केप्लर यांच्या गणितापेक्षा ज्योतिषाची अधिक गरज होती. त्याची कुंडली केप्लर यांनी पूर्वी १६०८ मध्ये आणि पुन्हा १६२५ च्या सुमारास मांडून दिली होती. नव्या नोकरीमुळे रोजची सोय झाली, जुन्या कर्जाचे मात्र नाव निघेना. सागानमध्ये ओळखीचे माणूस नव्हते, बोलीही परकी वाटे. पुढे वालेनश्टाइनने त्यांना रोस्टॉक विद्यापीठातील अध्यापकाची जागा देऊ केली, तेव्हा केप्लर यांनी अट घातली : आधी सम्राटाची संमती आणणे आणि जुने देणे चुकते करणे. ती पुरी झाली नाही आणि रोस्टॉकही राहिले. मान्य केलेले पण न दिलेले देणे माणसाला कसे जखडून ठेवते, ते येथे दिसते. दरबाराने देणे साफ नाकारले असते, तर कदाचित केप्लर लवकर मोकळे झाले असते.

ऑगस्ट १६३० मध्ये निर्वाचक राजपुत्रांच्या दबावाखाली सम्राटाने वालेनश्टाइनला सेनापतिपदावरून दूर केले. ज्याच्यावर वरात होती तोच पदच्युत झाला. केप्लर यांनी ८ ऑक्टोबर रोजी सागान सोडले. रेगेन्सबर्ग येथे सम्राट आणि राजपुत्रांची परिषद चालू होती. तेथे गाऱ्हाणे घालावे आणि पुढे लिंट्सला जाऊन प्रांतिक सभेकडे गुंतवलेल्या रकमेचे व्याज घ्यावे, असा बेत होता. आपल्या येण्याची कागदपत्रे त्यांनी बरोबर घेतली होती. लाइपत्सिकमार्गे थंडीवाऱ्यात घोड्यावरून प्रवास करत २ नोव्हेंबरला ते रेगेन्सबर्गला पोहोचले. थकलेले घोडे दोन गुल्डनांना विकले आणि ओळखीच्या घरी उतरले. काही दिवसांतच ते तापाने अंथरुणाला खिळले. बातमी कळताच सम्राटाने औषधपाण्यासाठी पंचवीस-तीस डुकाट पाठवले. १५ नोव्हेंबर १६३० रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी केप्लर यांचे निधन झाले. गावकुसाबाहेरील प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढच्या तीन वर्षांत युद्धाच्या रेट्यात ती दफनभूमीही नष्ट झाली.

मागे सुझाना आणि लहान मुले उरली. केप्लर यांचे जावई, गणितज्ञ याकोब बार्ट्श यांनी कुटुंबाच्या वतीने मागणी चालू ठेवली, पण १६३३ मध्ये प्लेगने त्यांचा अंत झाला. फेब्रुवारी १६३४ मध्ये वालेनश्टाइनचा खून झाला आणि तेही दार बंद झाले. केप्लर यांनी चंद्रावरील प्रवासाची कल्पना करून लिहिलेला ‘सोम्नियम’ हा ग्रंथ अर्धवट छापलेला पडून होता. घरात चार पैसे यावेत म्हणून मुलगा लुडविग याने तो त्याच वर्षी पूर्ण करून प्रसिद्ध केला. सुझाना १६३६ मध्ये रेगेन्सबर्ग येथेच हलाखीत वारली. सम्राटाकडील देणे तोपर्यंत चुकते झाले नव्हते आणि पुढेही ते कधी पूर्ण चुकते झाले नाही.