कुप्फर आणि यकृतातील ताराकृती पेशी

वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला यकृतातील 'कुप्फर पेशी' ठाऊक असतात. मात्र कुप्फर यांनी प्रथम पाहिलेल्या पेशी त्या नव्हेतच! हा घोटाळा सुटायला जवळपास शंभर वर्षे लागली.

कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८२९ रोजी कूरलँड प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेला हा प्रदेश आता लॅटव्हियात आहे. डोरपाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथे १८५४ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. पुढे कील, क्योनिग्सबर्ग आणि १८८० पासून म्युनिक येथे ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या कवटीचा त्यांनी केलेला अभ्यासही त्या काळी गाजला.

यकृतातील मज्जातंतू शोधण्यासाठी कुप्फर यांनी यकृताचे पातळ काप सुवर्ण क्लोराइडने रंगवले. मज्जातंतूंऐवजी त्यांना सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या, फाटे फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. १८७६ मध्ये त्यांनी या 'ताराकृती पेशीं'चे वर्णन प्रसिद्ध केले. या पेशी रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूला असतात, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते.

सुमारे दोन दशकांनंतर त्यांना रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला, रक्तात सोडलेले परके कण गिळणाऱ्या पेशी दिसल्या. आपल्या ताराकृती पेशी त्या याच, असा समज होऊन त्यांनी आधीचे बरोबर मत बदलले. १९०२ मध्ये म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव या भक्षक पेशींना मिळाले आणि मूळ ताराकृती पेशी विस्मृतीत गेल्या.

१९५१ मध्ये जपानच्या तोशिओ इतो यांनी यकृतात चरबीचे थेंब साठवणाऱ्या पेशींचे वर्णन केले. त्यांचेच देशबांधव केन्जिरो वाके यांनी १९७१ मध्ये कुप्फर यांची सुवर्ण-पद्धत पुन्हा वापरून पाहिली. सोन्याने काळ्या होणाऱ्या पेशी भक्षक पेशी नसून 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या, म्हणजे इतो यांच्याच पेशी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

हा केवळ नावाचा वाद नव्हता. निरोगी यकृतात या ताराकृती पेशी शांतपणे 'अ' जीवनसत्त्व सांभाळतात. दारू, हिपॅटायटिस 'बी' व 'सी'चे विषाणू किंवा साठलेली चरबी यांमुळे यकृतपेशींना इजा झाली, की शेजारच्या कुप्फर पेशी संदेशवाहक पेप्टाइडे व प्रथिने सोडतात. त्यांपैकी 'पीडीजीएफ' ताराकृती पेशींची संख्या वाढवते, तर 'टीजीएफ-बीटा' त्यांना कोलॅजेनचे धागे विणायला लावते. अवघ्या आठ अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-२ आणि एकवीस अमिनो आम्लांचे एंडोथेलिन ही पेप्टाइडेही त्यात भर घालतात. ताराकृती पेशी आपला जीवनसत्त्वाचा साठा गमावतात, आकुंचन पावू लागतात आणि स्वतःही असेच संदेश पाठवू लागतात.

इजा थोडक्यात थांबली, तर ही डागडुजीच असते. ती वर्षानुवर्षे चालू राहिली, तर कोलॅजेनचे चट्टे साचत जातात, यकृत कडक होते आणि अखेर सिरॉसिस होतो. म्हणजे ज्या दोन पेशींची कुप्फर यांनी गल्लत केली, त्यांच्यातला संवादच या आजाराच्या मुळाशी आहे. त्या एकच मानल्या असत्या, तर हा संवाद कधी कळलाच नसता.

दिलासा असा, की हे चट्टे कायमचेच असतात असे नाही. इजेचे कारण दूर झाले, म्हणजे दारू सुटली, विषाणूवर उपचार झाले किंवा वजन आटोक्यात आले, की संदेश ओसरतात. मग अनेक ताराकृती पेशी नष्ट होतात, काही पुन्हा शांत होतात आणि साचलेले कोलॅजेन काही प्रमाणात विरघळते. मात्र सिरॉसिस फार पुढे गेल्यावर ही संधी हातची जाते. यकृत बराच काळ कोणतीही तक्रार न करता हे सोसत राहते. त्यामुळे दारू पिणारे, मधुमेही, स्थूल व्यक्ती आणि हिपॅटायटिस झालेले रुग्ण यांनी त्रास होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने यकृताची तपासणी करून घेणे हिताचे आहे.