जनरल मॉरिस रोझ : रब्बींचा सेनानी पुत्र

मॉरिस रोझ यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९९ रोजी अमेरिकेतील मिडलटाउन येथे यहुदी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब डेन्व्हर शहरी राहू लागले. वडील सॅम्युएल रब्बी होते. मुलाला मात्र सैनिक व्हायचे होते. वय वाढवून सांगून तो फौजेत शिरला, आणि खरे वय कळताच त्याला घरी धाडण्यात आले. पहिल्या महायुद्धात तो अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये लढला व जखमी झाला.

ऑगस्ट १९४४ मध्ये रोझ तिसऱ्या चिलखती डिव्हिजनचे सेनापती झाले. ते नेहमी आघाडीवरच असत. सप्टेंबरमध्ये त्यांचे रणगाडे जर्मनीत शिरले आणि रोएटगेन हे गाव त्यांनी घेतले. मार्च १९४५ मध्ये कोलोन शहर पडले. ज्या हिटलरने यहुद्यांना नामशेष करण्याचा विडा उचलला, त्याच्याच भूमीवर एका रब्बीचा मुलगा विजयी फौज घेऊन चालला होता.

३० मार्च १९४५ रोजी, पाडरबोर्नजवळ, अंधारात त्यांची जीप जर्मन रणगाड्यांत सापडली. तेथेच गोळ्या लागून ते ठार झाले. त्यानंतर बाराव्या दिवशी त्यांच्या डिव्हिजनचे सैनिक नॉर्डहाउझेनच्या छळछावणीत पोहोचले.

लष्करी कागदपत्रांत रोझ यांनी आपला धर्म प्रोटेस्टंट असा नोंदवला होता. म्हणून नेदरलँड्समधील मार्ग्राटेन येथे त्यांच्या कबरीवर क्रॉस आहे. डेन्व्हरच्या यहुदी समाजाने मात्र त्यांना आपलेच मानले आणि त्यांच्या नावाने रुग्णालय उभारले. १९४९ मध्ये ते सुरू झाले.